हीथक्लिफची कागदपत्रं

रविवार, रात्र

वाचनकट्ट्यावर आज एमिली ब्राँटेचं 'वुदरिंग हाइट्स' होतं आणि बऱ्याच महिन्यांनी कोणी घड्याळाकडे बघितलं नाही. मागच्या खेपेला एका सभ्य, समजूतदार कादंबरीला सगळ्यांनी "छान आहे" म्हटलं आणि पाऊण तासात आम्ही बटाटेवड्यांवर आलो होतो. आज वडे गार झाले.

भाचीने तोंड उघडलं तेच भांडायला. ती ऐरोलीहून येते, कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून पुस्तकं ऐकते. "मावशी, हा हीथक्लिफ बायकोच्या कुत्रीला फास लावून टांगतो. पळवून आणलेल्या बायकोला छळतो. स्वतःच्या आजारी मुलाला धाकात ठेवून वापरतो. आणि याला प्रेमकथा म्हणायचं?" सर म्हणाले, वादळाचं चारित्र्य तपासायचं नसतं. (सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, त्यांची वाक्यं अजून फळ्यावर लिहिल्यासारखी येतात.) त्यावर खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "वादळ कसलं हो सर, मला तर ही रात्री जेवताना लागते तसली मालिका वाटली. दोन घरं, एक सूड उगवणारा, आणि दर चार पानांनी कोणीतरी तापाने फणफणून अंथरूण धरतंय." सगळे हसले. सरसुद्धा.

वहिनींचं खोटं नाही. या कादंबरीत माणसं फार पटापट मरतात. धाकटी कॅथी, हीथक्लिफच्या प्रेयसीची मुलगी, आधी आतेभावाशी लग्न करते, मग मामेभावाशी जमवते. दोन घरांच्या बाहेर जणू जगात मुलगेच नाहीत. बोलणं तर असं की साधं "नको" कोणाला म्हणता येत नाही, डोकं आपटूनच म्हणावं लागतं. शेजारच्या काकूंना यातलं काहीच खटकलं नाही, कारण त्यांनी पुस्तक वाचताना सगळीकडे दिलीपकुमारला बसवलं होतं. 'दिल दिया दर्द लिया' याच कथेवरून १९६६ साली आला. वहिदा रेहमान होती, प्राण होता. काकूंनी तो तेव्हा थिएटरात पाहिला होता आणि त्या सिनेमाबद्दलच बोलत राहिल्या. कोणी अडवलं नाही.

कोपऱ्यातल्या मुलाची तक्रार वेगळी. तो नारायण धारप वाचून मोठा झालेला. त्याचं म्हणणं, भूत एकदाच नीट येतं, तेही सुरुवातीला, खिडकीत, आणि मग लेखिका त्याला विसरते. मला तो प्रसंग भुतामुळे भयंकर वाटलेला नाही. लॉकवुड नावाचा पाहुणा, शहरातला सभ्य माणूस, आत येऊ बघणाऱ्या त्या पोरीचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, रक्त येईपर्यंत. स्वप्नात का होईना, पण घासतो. पुढे हीथक्लिफ जे काही करतो त्याच्या आधीच लेखिकेने आपल्याला हे दाखवून ठेवलं आहे.

मी फारसं बोलले नाही. मला जे म्हणायचं होतं ते चर्चेत कुठे घुसवावं कळेना. प्रेम की सूड, यावर तास गेला. मला मात्र दुसऱ्यांदा वाचताना सारखे कागद दिसत होते.

सोमवार

माझं आयुष्य कोर्ट नाक्याजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसात गेलं. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. त्यामुळे कादंबरीतही माझी नजर तिथेच जाते.

हीथक्लिफ तीन वर्षं गायब होतो आणि पैसे घेऊन परत येतो. कुठून आणले, कोणालाच कळत नाही. (आमच्या ऑफिसातही असे पक्षकार येत. साहेब विचारत नसत.) त्याला लहानपणी मारणारा, नोकरांत ढकलणारा हिंडली तोवर दारूत आणि पत्त्यांत बुडालेला असतो. हीथक्लिफ त्याला मारत नाही. जुगाराला पैसे देतो आणि जमीन गहाण लिहून घेतो. हिंडली मरतो तेव्हा कळतं की इंच न् इंच गहाण आहे आणि गहाणदार हीथक्लिफच. हिंडलीचा मुलगा हेअरटन आपल्याच घरात पगाराशिवाय राबणारा गडी होतो. एक पोलीस नाही, एक सुरा नाही.

दुसरं घर, थ्रशक्रॉस ग्रेंज, त्याहून गुंतागुंतीचं. म्हाताऱ्या लिंटनने लिहून ठेवलंय की इस्टेट मुलाकडे, एडगरकडे. एडगरला मुलगा नसेल तर नातीकडे नाही, आपल्या मुलीकडे, म्हणजे इसाबेलाकडे, आणि तिच्यामार्फत तिच्या मुलाकडे. एडगरला मुलगी होते, हीच धाकटी कॅथी, त्या रात्री तिची आई जाते. घरात आकांत चाललेला, आणि सगळी गोष्ट सांगणारी नेली डीन मनातल्या मनात म्हाताऱ्याला शिव्या घालते, की मुलाच्या लेकीला सोडून इस्टेट स्वतःच्या लेकीला का बांधून ठेवली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य ओलांडून गेले होते. पुढचं अर्धं पुस्तक त्यावर उभं आहे. इसाबेलाला पळवून नेण्यात हीथक्लिफचा रस कशात होता हे कळायला तेवढं एक वाक्य पुरे.

मग तो इसाबेलापासून झालेल्या आपल्या आजारी मुलाचं एडगरच्या मुलीशी कोंडून लग्न लावतो. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू देणारा पुरता कायदा आला १८८२ साली. एडगरला मरताना हे उमगतं. मुलीच्या वाट्याचे पैसे विश्वस्तांच्या हाती द्यावेत म्हणून तो वकिलाला बोलावतो. वकील येत नाही. येतो तो एडगर गेल्यावर, आणि आल्या आल्या नेली सोडून सगळ्या नोकरांना निघायला सांगतो. तो हीथक्लिफने विकत घेतलेला असतो. सर ज्याला वादळ म्हणतात त्याच्यापेक्षा त्या न आलेल्या वकिलाने मला जास्त थरकाप झाला.

आणि मग नेलीचं ते साधं बोलणं. आजारी मुलगा मरतो, वय कमी म्हणून त्याला जमिनीचं मृत्युपत्र करता येत नाही, पण जंगम सगळं तो बापाच्या नावे करतो. जमिनीही हीथक्लिफ बळकावून बसतो. नेली म्हणते, असेल कायद्याला धरून. काही झालं तरी कॅथीच्या हातात पैसा नाही, पाठीशी माणूस नाही, ती त्याचा ताबा काय हलवणार.

ठाण्यात जुन्या इमारतीत राहणाऱ्या कोणालाही विचारा ताबा म्हणजे काय. आमच्या नौपाड्यात दर गल्लीत एक इमारत पाडलेली, एक अर्धी उभी, आणि एक अशी जिचा पुनर्विकास वारसांच्या सह्यांसाठी अडकलेला. विकासकाने मागितलेले कागद जमवताना घराघरांत जे बाहेर येतं ते ऐकलं की कादंबरीतला एकही प्रसंग अतिरंजित वाटत नाही. भाऊ भावाला तळमजल्याची किल्ली देत नाही. आजारी सासऱ्याच्या अंगठ्याला कोणीतरी शाई लावतं. आणि ही माणसं एरवी किती मवाळ असतात! तलावपाळीवर संध्याकाळी फेऱ्या मारतात, दिवाळी पहाटेला गाणी ऐकायला जातात.

म्हणून मला 'भडक' ही तक्रार पटत नाही. भडक आहेत ती बोलणी. घटना हिशेबी आहेत, अगदी मुद्रांक लावल्यासारख्या.

गुरुवार

माझं म्हणणं माझ्याआधी कोणीतरी मांडलेलं असणार अशी शंका होतीच, आणि निघालंही तसंच. चार्ल्स पर्सी सँगर नावाच्या इंग्रज वकिलाने १९२६ साली या कादंबरीच्या रचनेवर एक छोटा निबंध छापला. त्याने वंशावळ काढून दाखवली: दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या. पुस्तकात इकडेतिकडे विखुरलेल्या खुणांवरून घटनांचे सन-महिने बसवले, आणि वारसाहक्काचा व गहाणाचा कायदा लेखिकेने किती अचूक वापरलाय ते सांगितलं. बायाबापड्यांच्या रडारडीची म्हणून बाजूला सारलेली गोष्ट एका वकिलाने कागद तपासावेत तशी तपासली. मला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला.

एमिलीला हे कुठून ठाऊक, हा प्रश्न भाचीने फोनवर विचारला. पाद्र्याची मुलगी, घर सोडून फारशी कुठे गेली नाही, तिशीत गेली. पण मावशीच्या मृत्युपत्रातून तिन्ही बहिणींना पैसे मिळाले होते, ते त्यांनी रेल्वेच्या शेअरांत घातले होते, आणि ते सांभाळायचं काम एमिलीकडे होतं. कणीक मळता मळता जर्मन पुस्तक समोर ठेवणारी एमिली सगळ्यांना माहीत असते. वर्तमानपत्रात रेल्वेचे भाव बघणारी एमिली मला जास्त आवडते. आपल्या ठाण्याला पहिली गाडी १८५३ च्या एप्रिलात आली, एमिली गेल्यावर सव्वाचार वर्षांनी.

तिच्या काळच्या वाचकांची मतंही आमच्या कट्ट्यापेक्षा फार वेगळी नव्हती. १८४७ च्या डिसेंबरात एलिस बेल या पुरुषी टोपणनावाने पुस्तक आलं. छापायला लेखिकेला आणि तिच्या धाकट्या बहिणीलाच प्रकाशकाकडे ५० पौंड भरावे लागले होते. परीक्षणांत ताकद आहे असं म्हणायचे आणि लगेच नाक मुरडायचे: रानटी, क्रूर, धडा काही नाही. एका अमेरिकन मासिकाने तर थोरल्या बहिणीचं 'जेन एअर' वाचा आणि हे जाळा असा सल्ला दिला. एमिली गेल्यावर तिच्या मेजात परीक्षणांची पाच कात्रणं निघाली. १८५० च्या आवृत्तीला थोरल्या बहिणीने, शार्लटने, प्रस्तावना लिहिली आणि हीथक्लिफसारखा माणूस निर्माण करावाच का, याबद्दल तिनेच शंका काढली. सख्ख्या बहिणीला जे जमलं नाही ते आमच्या वहिनींना जमावं अशी अपेक्षा नको धरायला.

शुक्रवार

दुपारी काकू आल्या. दिलीपकुमारवाल्या. पुस्तक परत द्यायला आल्या म्हणून बसल्या, चहा झाला, तरी उठेनात. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या कामात होतात ना, म्हणून विचारते. सही केलेलं हक्कसोडपत्र परत घेता येतं का हो?"

माहेरचं घर. भाऊबीजेला भावाने ओवाळणीच्या ताटात पाकीट ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे नेलं. "मी काही वाचलं नाही. भाऊच तो." मी त्यांना खरं ते सांगितलं: नोंदणी झालेला दस्त आपल्या मनाने मागे घेता येत नाही, कोर्टात जावं लागतं, फसवून किंवा दबावाने सही घेतली हे सिद्ध करावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. काकूंची ती केव्हाच टळली आहे. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली होती, देशाने २००५ साली. कायदा होता. सहीही होती.

काकूंनी पुस्तकातल्या कुठल्याही बाईबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांना हीथक्लिफच आवडतो. "त्याने परत घेतलं की नाही सगळं?" एवढंच म्हणाल्या आणि कप उचलून मोरीत ठेवायला गेल्या. यावर मी सरांशी वाद घालणार नाही, पण मला वाटतं गेली पावणेदोनशे वर्षं इतक्या वाचकांना हा दुष्ट माणूस सोडवत नाही, त्यात प्रेमाइतकंच हेही असावं. त्याच्याकडून काढून घेतलं गेलं आणि त्याने वसूल केलं. वसुली करताना तो ज्यांच्याकडून घेतो त्यांनी त्याचं काही घेतलेलं नव्हतं, हे मात्र काकूंना मी बोलले नाही. भाची बोलली असती.

शनिवार

कट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शेवटी मी माझा प्रश्न टाकलाच. शेवटाबद्दल. सगळे म्हणतात शेवट गोड आहे: हीथक्लिफ मरतो, धाकटी कॅथी हेअरटनला वाचायला शिकवते, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी लग्न ठरतं. त्या वाचण्याची जागा मलाही फार प्रिय आहे. घराच्या दारावर १५०० हा आकडा आणि 'हेअरटन अर्नशॉ' हे नाव कोरलेलं आहे, त्याच्याच कुळाचं, त्याचंच, आणि त्याला ते वाचता येत नसतं. एक दिवस तो कॅथीला नाव वाचून दाखवतो. आकडा मात्र अजून येत नाही. ती हसते.

पण हीथक्लिफ मृत्युपत्र न करता गेला. पुस्तकातच म्हणतो की अजून लिहिलेलं नाही, कोणाला द्यावं ठरत नाही. मुलगा आधीच गेलेला. दुसरा वारस नाही. नियमाने अशी बेवारस मालमत्ता राजाकडे जाते.

वहिनी: "म्हणजे सरकारजमा???"

भाची: "मावशी प्लीज. एकतर गोड झालंय काहीतरी."

मी लिहिलं, हेअरटनचं घर गहाण आहे, विकलेलं नाही. कर्ज फेडून ते सोडवायचा हक्क वारसाचा. तेव्हा कॅथीच्या जागी मी असते तर गोष्टीच्या पुस्तकाआधी त्याला गहाणखत वाचायला बसवलं असतं.

वहिनींनी लगेच विचारलं, फेडायला पैसे कुठले? कॅथीचे म्हणावं तर तिचे नवऱ्याकडे गेले, नवऱ्याचे सासऱ्याकडे, आणि सासरा काही न लिहिता गेला.

सरांच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं मघापासून दिसतंय.