आमची वाटचाल: फ्रीजच्या रबरावर उभं राहिलेलं दुकान

नमस्कार मंडळी. खूप जण विचारतात, भाऊ तुम्ही फ्रीजची सगळीच कामं करता, मग बोर्डावर "दरवाज्याचं रबर लावून मिळेल" हेच सगळ्यात मोठ्या अक्षरात काहून? त्याचं उत्तर द्यायचं तर पार सुरुवातीपासून सांगावं लागते.

आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि लगेच एका दुकानात कामाला लागलो, नाव नाही घेत. तिथली रीत एकच, फ्रीज थंडा नाही करून राहिला असा फोन आला की जायचं, गॅस कमी झाला म्हणायचं आणि भरून द्यायचा. मे महिन्यात नागपूर 45 च्या वर गेलं की माणूस फ्रीजसाठी मागाल तेवढे देते, हे मालकाला पक्कं माहीत होतं. महाल भागातल्या एका काकूंकडे मीही असाच गॅस भरून आलो. वीस दिवसात पुन्हा फोन. जाऊन पाहतो तर फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर, कॉम्प्रेसर बंदच नाही होऊन राहिला, आणि दार लावल्यावर वरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाईपात फिरते, लीक असेल तरच कमी होते. लीक नव्हतंच, रबर गेलं होतं. काकूंचे पैसे मी माझ्या पगारातून परत केले, नवीन रबर आणून लावलं, आणि पुढच्या महिन्यात ती नोकरी सोडली.

मग एक मोपेड, एक हत्यारांची पिशवी, आणि नंदनवनपासून मानेवाड्यापर्यंत घरोघरी फिरणं. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली ती मला पुस्तकात नव्हती सापडली. आपल्याकडे उन्हाळ्यात घरात कूलर चालते, त्याची ओली हवा स्वयंपाकघरापर्यंत येते, आणि रबर ढिलं असलं की तीच हवा फ्रीजमध्ये शिरते. त्यातलं पाणी कॉइलवर गोठते, बर्फाच्या थरामुळे थंडी आत पोचत नाही, मशीन दिवसभर धावते आणि वीजबिल वाढते. पावसाळ्यात तेच, वरून रबराच्या घड्यांमध्ये काळी बुरशी.

सुरुवातीला तयार रबर आणायचो, पण जुन्या मॉडेलचं मापच मिळत नव्हतं, लोक म्हणायचे आता नवीन फ्रीजच घ्यावा लागते का. म्हणून रबराच्या पट्टीचा रोल आणून कोपरे स्वतः जोडायचं ठरवलं. सुताराकडून 45 अंशाचा लाकडी साचा करून घेतला, घरची जुनी इस्त्री उलटी पकडून बसवली, वर टेफ्लॉनचा कागद. दोन्ही टोकं इस्त्रीला टेकवायची, कडा मऊ होऊन चमकली की लगेच एकमेकांवर दाबायची, थंड होईपर्यंत हलू नाही द्यायचं. आतली चुंबकाची पट्टी मात्र आधी मागे सरकवून घ्यावी लागते, नाहीतर सांधा धरत नाही. कामाला धूर होते म्हणून अंगणातच बसायचो. पहिले कित्येक कोपरे दोन दिवसात उकलले, ते सगळे मी फुकट पुन्हा करून दिले, बायको म्हणायची असं किती दिवस चालणार, पण हात बसला तो त्यातूनच.

त्याच काळात नंदनवनातल्या एका मावशींकडे गेलो. फ्रीजचं दार त्यांनी जुन्या साडीच्या काठाने बांधून ठेवलं होतं, आत काकांचं इन्सुलिन, जे 2 ते 8 अंशातच ठेवावं लागते. दर वेळी गाठ सोडायची, औषध काढायचं, पुन्हा गाठ मारायची. त्यांना कोणीतरी कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगितलं होतं. रबर फाटलेलं नव्हतं, फक्त चपटं झालं होतं, आणि खालची बिजागरी ढिली होऊन दार लटकलं होतं. बिजागरी घट्ट केली, रबर साबणाच्या पाण्याने जुन्या ब्रशने घासलं, गरम पाण्याचं फडकं फिरवून फुगवलं, बिजागरीच्या बाजूला थोडं व्हॅसलिन लावलं, फ्रीजचे पुढचे पाय अर्धा आटा फिरवून पुढची बाजू थोडी उंच केली म्हणजे दार आपोआप लागते. शंभर रुपये घेतले. तो काठ मावशींनी माझ्यासमोर सोडून घडी करून कपाटात ठेवला, ते अजून डोळ्यासमोर आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये कुठे जाता येत नव्हतं, तर हेच सगळं मी फोनवर सांगत होतो. आधी दहाची नोट दारात धरा आणि ओढा, अडखळत आली तर रबर ठीक, सुळकन निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी पाहा. फट असेल तर गरम पाणी, नाही जमलं तर हेअर ड्रायर, पण लांबून आणि फिरवत. बारीक चीर असेल तर सिलिकॉन चालते, पूर्ण वाळेपर्यंत दार उघडं ठेवा, पण ते काही महिन्यांचंच काम आहे. थिनर, ॲसिड अजिबात नको, रबर कडक होते. अर्ध्या लोकांचं काम तिथेच झालं, एक रुपया मिळाला नाही, पण दुकानाचं नाव त्याच लोकांनी पोचवलं.

आज छोटा गाळा आहे, दोन पोट्टे कामाला आहेत, मोजमाप आणि हिशोब बायको पाहते. नवीन रबर पाकिटातून दुमडून येते, ते आम्ही उन्हात गच्चीवर पसरवतो, मे मध्ये दहा मिनिटात सगळ्या घड्या जातात. गॅस भरायची वेळ आली तर आधी लीक कुठे आहे ते ग्राहकाला साबणाच्या फेसात दाखवतो, मगच नळी जोडतो, पोट्ट्यांनाही हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं आहे.

आता एका कुल्फीवाल्या भाऊंच्या डीप फ्रीजरच्या झाकणाचं रबर करायचं बाकी आहे, उद्या सकाळी त्यांना माल भरायचा आहे, तर आज रात्री चार कोपरे जोडायला बसतो.