शून्य म्हणजे काय?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांचा डेटा खुला करण्याचं काम माझ्याकडे आहे. बहुतेक दिवस ‘सर, फाइल पाठवताय ना?’ असे फोन करण्यात जातात. भूगोलाच्या एका सरांनी मात्र निवृत्तीच्या आठवड्यात स्वतःच पेनड्राइव्ह आणून दिला. मराठवाड्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या वीसेक वर्षांच्या नोंदी. फाइलचं नाव ‘फायनल नवीन २’.

गावांची नावं जुन्या फॉन्टात, म्हणजे माझ्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती युनिकोडमध्ये आणली. एक्सेलची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, केली तर दोन रकाने जास्तीचे निघाले: शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर. सरांनी ते ‘काढले’ होते, म्हणजे लपवले होते!

झेनोडो या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर सगळं चढवलं, परवाना सीसी-बाय निवडला, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावं. डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळख क्रमांक, मिळाल्यावर चुकीची फाइल गुपचूप बदलता येत नाही, नवी आवृत्ती काढावी लागते. म्हणून बटण दाबण्याआधी सहज एक आलेख काढला. २०१६चा मे, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं तो उन्हाळा. आणि आलेखात विहिरी काठोकाठ! ‘पाण्याची खोली’ या रकान्यात ओळीने शून्य. खोली शून्य, म्हणजे पाणी अगदी वर.

फोन लावला. “अहो मॅडम, शून्य म्हणजे पाणी शून्य. विहीर कोरडी!”

मी सगळी शून्यं एका झटक्यात बदलणार होते. “थांबा,” सर म्हणाले, “काही खरी आहेत.” तासाभरात ते पिशवीभर वह्या घेऊन हजर. पिवळी पडलेली पानं, चहाचे डाग. सर एकेक शून्य वहीत शोधायचे, “कोरडी... कोरडी...” म्हणायचे आणि मी ‘स्थिती’ नावाच्या नव्या रकान्यात टिपायची. नुसता रकाना रिकामा ठेवून भागलं नसतं. ‘मोजलीच नाही’ हेही रिकामंच दिसतं. एका सप्टेंबरच्या पानावर शेरा होता: ‘काठाला. मुलं पोहतायत.’ ते शून्य तसंच ठेवलं.

संध्याकाळी माहितीपत्रक लिहायला घेतलं. सरांना विचारलं, “खोली कुठून मोजायचात? कठड्यापासून की जमिनीपासून?”

चष्मा पुसत सर म्हणाले, “कुठल्या वर्षाचं विचारताय?”