पॅनेल बोर्डापासून कॅबिनेटपर्यंत : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे पत्राकामाचे छोटे वर्कशॉप आहे. वडिलांनी ते सुरू केले तेव्हा शेतीपंपांचे स्टार्टर बॉक्स आणि कारखान्यांना लागणारे विजेचे पॅनेल बोर्ड एवढेच काम आमच्याकडे होत असे. आज निम्म्याहून अधिक काम संगणकाच्या कॅबिनेटमधील फेरबदलांचे असते. हा बदल कोणत्याही योजनेतून झाला नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर पॅनेलच्या ऑर्डरी जवळजवळ थांबल्या होत्या, आणि त्याच सुमारास लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संपादन करणारे एक गृहस्थ आपले कॅबिनेट घेऊन दारात उभे राहिले. त्यांचे नवे ग्राफिक्स कार्ड २८५ मिमी लांब होते, आणि कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जेमतेम २५० मिमी जागा होती. नवे कॅबिनेट घेण्याची त्यांची तयारी नव्हती, कारण जुने कॅबिनेट भक्कम होते आणि त्यांना ते आवडत होते.

काम सोपे वाटले. पिंजरा पॉप रिव्हेटांनी जोडलेला होता. रिव्हेटांच्या डोक्यांवर ड्रिल चालवले आणि तो बाहेर काढला. कार्ड बसले, गृहस्थ समाधानाने गेले, आणि आठवड्याभरात तक्रार घेऊन परत आले. संपादन सुरू केले की पंखे कर्कश आवाज करू लागत आणि यंत्र मंदावत असे. आम्ही जागा केली होती, परंतु हवेचा विचार केला नव्हता. समोरच्या पत्र्याला शोभेपुरत्या चार फटी होत्या, आणि कार्डाची सगळी उष्णता आतल्या आत फिरत होती.

पॅनेल बोर्डाच्या कामात आम्ही खालून गार हवा घेऊन वरून गरम हवा सोडतो. तोच हिशेब येथेही लागू पडतो, हे तेव्हा उमगले. समोरच्या पत्र्यात १२० मिमीच्या दोन पंख्यांसाठी भोके पाडली आणि पुढे जाळी बसवली. जाळीचे गणित मला आजही महत्त्वाचे वाटते, कारण ग्राहक पंख्यांची संख्या विचारतात, जाळीबद्दल कोणी विचारत नाही. ५ मिमीची भोके तिरक्या ओळींत, केंद्रांमध्ये ६ मिमी अंतर ठेवून पाडली, तर सुमारे ६३ टक्के जागा मोकळी राहते. तेच अंतर ८ मिमी केले की मोकळी जागा ३५ टक्क्यांवर येते. पंखा तोच असला तरी त्याला मिळणारी हवा पुष्कळ कमी होते. विदर्भातील ग्राहकांना तर मी आधीच सांगतो की, खोलीत ४२ अंश तापमान असेल तर कितीही पंखे लावले तरी आतली हवा त्याहून गार होणार नाही. आपण फक्त आतली वाढ रोखू शकतो.

पत्र्याची सवय बदलायलाही वेळ लागला. पॅनेलसाठी आम्ही १६ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ मिमी जाडीचा पत्रा वापरतो. संगणकाच्या कॅबिनेटचा पत्रा बहुधा ०.५ ते ०.८ मिमीचा असतो. त्यावर होलसॉ (गोल भोक कापणारी दातेरी करवत) नेहमीसारखा दाबला की दाते अडकतात, पत्रा थरथरतो आणि भोकाची कड वेडीवाकडी होते. आमच्या मिस्त्रींनी त्यावर उपाय काढला : पत्रा दोन प्लायवुडच्या तुकड्यांमध्ये क्लॅम्पने आवळायचा, वरून मास्किंग टेप लावायची आणि मशीनचा वेग कमी ठेवायचा. कापलेल्या कडेवरील जस्ताचा थर निघून जातो, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तेथे गंज चढायला फार दिवस लागत नाहीत; म्हणून कानस मारल्यावर त्या कडेला झिंक प्रायमर लावल्याशिवाय आम्ही कॅबिनेट पुढे पाठवत नाही.

दोन चुकांची किंमत आम्ही मोजली. एकदा ग्राहकाला घाई होती म्हणून मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, न काढता, नुसता कापड टाकून झाकला आणि वरच्या पत्र्याला भोक पाडले. लोखंडाचा कीस कापडाखाली सरकला आणि यंत्र सुरू करताच बोर्ड गेला. तो बोर्ड आम्ही आमच्या खर्चाने भरून दिला. तेव्हापासून संपूर्ण यंत्र सुटे केल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचे नाही, असा नियम आहे, आणि नकार द्यावा लागला तरी आम्ही तो मोडत नाही.

दुसरी चूक पॅनेलवाल्यांना शोभणारी नव्हती, म्हणून तिचे दुःख अधिक. एका कॅबिनेटला आम्ही आतून-बाहेरून सुंदर पावडर कोटिंग करून घेतले. भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजलेला तो थर वीज वाहू देत नाही. सगळे भाग जोडले, परंतु बाजूचे पत्रे सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने तुटलेले राहिले, म्हणजे त्यांना अर्थिंग उरले नाही. आता एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) स्क्रूंची जागा, स्टँडऑफची (मदरबोर्ड ज्यांवर बसतो त्या छोट्या खुंट्यांची) बैठक आणि प्रत्येक पत्र्याचा एक कोपरा कोटिंगपूर्वी झाकला जातो, आणि शेवटी मल्टीमीटरने प्रत्येक पत्रा तपासला जातो. ग्राहकाच्या घरातील सॉकेटलाच अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टरमधील कपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर जवळपास निम्मा मेन्स व्होल्टेज दिसू शकतो आणि हाताला झिणझिण्या येतात. कॅबिनेट सोपवताना हे मी स्वतः समजावून सांगतो, कारण तो दोष आमच्या पत्र्यात नसला तरी झिणझिण्या आमच्याच पत्र्यातून लागतात.

गेल्या काही महिन्यांपासून आम्ही संपूर्ण कॅबिनेट स्वतः बनवण्याच्या खटपटीत आहोत. पत्रा १ मिमीचा आहे, लेझर कटिंग बाहेरून करून घेतो, बेंडिंग आमच्याकडेच होते. पुढची बाजू सहज जमली. अवघड आहे ती पाठ. मदरबोर्डच्या जोडण्यांसाठीची चौकट १५८.७५ बाय ४४.४५ मिमी असते, आणि कार्डांच्या खाचांमधील अंतर २०.३२ मिमी असते. पहिल्या नमुन्यात आम्ही ते सरळ २० मिमी धरले. पहिली खाच अचूक बसली, पण सातव्या खाचेपर्यंत ही चूक जवळजवळ २ मिमीपर्यंत साचली आणि कार्डाचा स्क्रू बसेना. दुसऱ्या नमुन्यात अंतर बरोबर होते, परंतु वाकवताना पत्र्याची लांबी किंचित बदलते, ती वजावट चुकली. तिसऱ्या नमुन्याचे रेखांकन काल पूर्ण झाले आहे. लेझरकडे पाठवण्यापूर्वी मिस्त्री त्याचा पुठ्ठ्याचा साचा कापत आहेत, आणि त्यात बसवून पाहण्यासाठी ते संपादक गृहस्थ आपले जुने कार्ड उद्या आणून देणार आहेत.