आमच्या पाळणाघराची वाटचाल

पाळणाघर चालवते म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे मुलं सांभाळता ना? हो, सांभाळते, आणि त्या शब्दाची मला अजिबात लाज वाटत नाही. ज्यांना तो शब्द छोटा वाटला त्यांनीच आम्हाला कुलूप लावायची वेळ आणली होती, ते पुढे सांगते.

सुरुवात दोघींनी केली, मी आणि ताई. ताई नात्यातल्या नव्हेत, पण वयाने मोठ्या आणि सगळं आयुष्य लहान मुलांत गेलेलं. पहिल्या दिवशी त्या दोनच वस्तू घेऊन आल्या, एक काळी पाटी आणि एक सव्वा इंच व्यासाची प्लॅस्टिकची नळी. नळीचं या कामातल्यांना सांगायला नको, जे तिच्यात मावतं ते ३ वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अडकू शकतं, म्हणून ते खोलीत नको. नवं खेळणं असो की तुटका तुकडा, आधी नळीत घालून बघायचं. पालकांनी हौसेने दिलेली खेळणी परत करताना वाईटपणा यायचा, तो ताई घ्यायच्या.

पाटी दाराशी. आत किती मुलं तो आकडा तिच्यावर, मूल आलं-गेलं की लगेच बदलायचा, आणि अंगणातून आत घेताना, झोपायच्या खोलीत नेताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून नाव घेऊन मोजायचं. नुसती डोकी मोजू नका, चूक होते. आमची झाली. पाटीवर ११ आणि खोलीत १०. अकरावा गाद्यांच्या चळतीमागे झोपलेला सापडला, तीन-चार मिनिटंच गेली असतील पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. त्याच्या आईला मीच सांगितलं. असलं काही लपवू नका, कधीच.

पाचव्या वर्षी समोरच एक मोठं सेंटर आलं. चकचकीत बोर्ड, मोबाईलवर रोजचे फोटो आणि अडीच वर्षांच्या मुलांना वर्कशीट! त्यांची बाई आमच्या पालकांना रस्त्यात गाठून सांगायची, तिथे नुसतं सांभाळतात, आम्ही शिकवतो. दोन महिन्यांत १६ पैकी ९ मुलं गेली, दोन मदतनीस पण गेल्या, एक तर न सांगता, सोमवारी आलीच नाही. आणि शिकवणं म्हणजे काय वाटतं हो लोकांना? बाळ आवाज काढतं, आपण त्याच्या डोळ्यात बघून उत्तर देतो, ते परत काढतं, मेंदूची जडणघडण अशाच देवाणघेवाणीतून होते. पेन्सिल धरायच्या आधी बोटांत ताकद लागते, ती माती मळून, कागद फाडून येते. हे मी एकेका पालकाला सांगत बसले, कोणी ऐकलं नाही, ते अजून सलतं.

कोणीतरी सुचवलं, तान्ही बाळं जास्त घ्या, त्यांची फी जास्त असते. ताई म्हणाल्या, "वर्षाच्या आतली एका बाईमागे तीनच. आग लागली तर दोन हातांत किती उचलशील?" भाडं थकलं, घरातलं कपाट विकलं, पण चौथं बाळ घेतलं नाही.

तारलं ते एका बाबाने. त्याची मुलगी ७ महिन्यांची. एकदा तो लवकर येऊन दारातच उभा होता, मला पत्ता नाही. मी तिचं डायपर बदलत होते, सामान सगळं आधीच काढून ठेवलेलं, एक हात सतत तिच्या अंगावर, आणि तोंडाने माझं चालू, "आता पाय वर घेऊ हं, हे गार लागेल, झालं बघ." मग तिचे हात धुतले, मग माझे, साबण लावून २० पर्यंत मोजत. तो काहीच बोलला नाही. पण गळती लागली तेव्हा त्याने सहा महिन्यांची फी एकदम भरली आणि ऑफिसमधल्या दोघांची मुलं आणून दिली. त्याच्या आईशी मात्र माझं वाजलं होतं, त्यांना नात पालथी झोपवायला हवी होती. मी म्हटलं, काकू, इथे उताणीच, गादी घट्ट आणि सपाट, उशी नाही, सैल पांघरूण नाही. १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवायची मोहीम निघाली, त्यानंतर तिथे झोपेत अचानक दगावणारी बाळं जवळपास निम्म्यावर आली, हे काय उगाच?

पुढची सात वर्षं नीट गेली.

नवीन पाळणाघर काढणाऱ्यांनो, पालकांना मुलाची नजर चुकवून सटकू देऊ नका, मूल रडलं तरी सांगूनच जाऊ दे, नाहीतर ते दिवसभर दाराकडे बघत बसतं. आणि "पळू नको" म्हणण्यापेक्षा "हळू चाल" म्हणा, काय करायचं ते कळलं की मूल करतं.

समोरचं सेंटर दोन वर्षांत उठलं. न सांगता गेलेली मदतनीस काम मागायला आली. मी घेणार नव्हते, ताईंनी घेतलं. आज काम चोख करते, पाटीचा आकडा तिच्या हातून कधी चुकत नाही. त्या सोमवारबद्दल ती अजून बोललेली नाही आणि मीही विचारलेलं नाही.