आरस्ट्रिपने ठाण्याची मात्रा खाल्ली

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतला एक पोरगा कॉलेज प्रोजेक्टसाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ट्रान्सहार्बर लाइनच्या (ठाणे-नवी मुंबई लोकलच्या) स्टेशनांची यादी साफ करत होता, सगळीकडे 'ठाणे स्टेशन', 'वाशी स्टेशन' असं होतं आणि शेवटचं 'स्टेशन' उडवायचं होतं, तर गड्याने सरळ आरस्ट्रिप (rstrip, मजकुराचं शेपूट छाटणारी कमांड) लावला आणि कंसात ' स्टेशन' देऊन टाकलं. वाशी, ऐरोली, घणसोली, सानपाडा एकदम ओके. पण ठाणेचं झालं 'ठाण', रबाळेचं 'रबाळ', तुर्भेचं 'तुर्भ' आणि कोपरखैरणेचं 'कोपरखैरण'. मला म्हणतो, काका, फॉन्टचा लोचा आहे.

फॉन्ट बिचारा काय करणार! आपल्याला वाटतं आरस्ट्रिपला शब्द दिला, पण तो त्यातली सुटी कॅरेक्टर्स घेतो, क्रमाशी त्याला काही देणंघेणं नाही, मागून एकेक बघत येतो, दिलेल्यातलं असलं की उडव, नसलं की थांब. आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या कोडमध्ये, मात्रा हे वेगळं कॅरेक्टर असतं, म्हणजे ठाणे मोजलं तर 4 भरतात: ठ, काना, ण, मात्रा. 'स्टेशन'मधल्या टे वरची मात्राही उडवायच्या मालात गेली ना, मग 'स्टेशन' आणि स्पेस खाऊन झाल्यावर समोर णे ची मात्रा दिसली, तीही गेली, ण त्यात नव्हता म्हणून तिथे थांबला. वाशीची वेलांटी वाचली कारण 'स्टेशन'मध्ये वेलांटीच नाही. निम्मी यादी बरोबर दिसते म्हणून असला बग पटकन सापडत नाही, हा खरा ताप.

यावर रिमूव्हसफिक्स (removesuffix) वापरायचं, पायथन 3.9 मध्ये, म्हणजे 2020 साली आलं. ते अख्खा शब्द शेवटी जुळला तरच काढतं, एकदाच काढतं, नाहीतर गप्प बसतं. (जुनं पायथन असेल तर एंड्सविथने (endswith) शेवट तपासा आणि मागून तेवढ्या लांबीचा तुकडा स्लाइसने कापा, आहे काय त्यात.)

पीएचपी या वेबसाइटवाल्या भाषेतला असाच आरट्रिम (rtrim) तर अजून भारी, तो अख्खं कॅरेक्टर नाही, त्याचे सुटे बाइट बघतो. 'भारत।' मधला दंड (।) काढायला सांगा, 'भार' हातात येतं! दंडाचे यूटीएफ-8 मधले (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) 3 बाइट आहेत ई0, ए5, ए4 आणि त चे ई0, ए4, ए4, म्हणजे दंडाबरोबर त पण साफ.

आणि हो, रिमूव्हसफिक्सच्या आधी रिकामा आरस्ट्रिप (कंसात काही न देता, मग तो फक्त शेवटच्या स्पेस काढतो) मारून घ्या, शेवटी एक स्पेस राहिली तरी शब्द जुळत नाही. झीरो विड्थ स्पेस (डोळ्यांना न दिसणारी) मात्र रिकाम्या आरस्ट्रिपनेही जात नाही, ती वेगळी रिप्लेसने काढा.