क्लच घसरतो आहे की सुटत नाही? जुन्या एमएक्स-५ च्या निदानाचा माझा अनुभव

क्लचच्या दोन मुख्य तक्रारी एकमेकींच्या अगदी उलट असतात. पेडल सोडलेले असतानाही क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर) घट्ट बसत नसेल, तर क्लच घसरतो; पेडल तळापर्यंत दाबल्यावरही ती फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटत नसेल, तर गिअर पडत नाही. पहिल्या तक्रारीत बहुधा प्लेट झिजलेली असते आणि गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय गत्यंतर नसते. दुसऱ्या तक्रारीत मात्र दोष पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेर, पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या ऑइलच्या वाटेवर असतो आणि तो घरच्या अंगणातही दुरुस्त करता येतो. एवढा साधा फरक मला गॅरेजच्या काउंटरवर कोणी सांगितला नाही, मी स्पष्ट विचारल्यावरही सांगितला नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते आणि माझ्याकडे १९९६ सालची माझदा एमएक्स-५ आहे. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जगापुढे आलेल्या पहिल्या पिढीची ही गाडी दोन माणसांची, उघड्या छताची आणि मागच्या चाकांवर चालणारी आहे. माझ्या गाडीला १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर आहेत. तिचा गिअरचा दांडा केबलने जोडलेला नसून थेट गिअरबॉक्सवर बसवलेला आहे, त्यामुळे आत काय चालले आहे ते तळहाताला लगेच कळते. मला ही गाडी मनापासून आवडते ती याच कारणासाठी, आणि बिघाडाची पहिली खूणही हातालाच लागली. रिव्हर्स टाकताना करकर आवाज येऊ लागला. पुढे सिग्नलला थांबल्यावर पहिला गिअर अडू लागला आणि क्लच पकडण्याची जागा हळूहळू पेडलच्या तळाशी गेली. पेडल दोन-तीनदा भराभर दाबले की गिअर निमूट पडे.

ही शेवटची खूण फार मोलाची आहे. पेडल वारंवार दाबल्याने गिअर सहज पडत असेल, तर ऑइलच्या वाटेत हवा शिरली आहे किंवा सिलिंडरमधले रबरी सील दाब धरून ठेवत नाहीत, असा त्याचा अर्थ असतो. झिजलेली क्लच प्लेट पेडल कितीही वेळा दाबले तरी सुधारत नाही. गाडी गॅरेजमध्ये देताना हे वाक्य मी कागदावर लिहून दिले होते.

आमच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये गाडी सोडली तेव्हा निदानाचे वेगळे पैसे पडतील असे सांगण्यात आले आणि मी ते मान्य केले. त्यानंतर जे सुरू झाले ती केवळ वाट पाहणे होती. फोन केला की गाडी अजून रांगेत आहे असे उत्तर मिळे, नंतर तंत्रज्ञ रजेवर आहे असे कळले, मग त्याने गाडी पाहिली आहे पण अहवाल लिहायचा राहिला आहे असे सांगितले गेले. मी स्वतः जाऊन आले तेव्हा गाडी आवारात, मी जिथे उभी केली होती त्याच जागी, विंडस्क्रीनवर पानांचा थर घेऊन उभी होती. अखेर निरोप आला की क्लच गेला आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल आणि खर्च आठशे पौंडांच्या वर जाईल.

मी काउंटरवर जाऊन विचारले की क्लच घसरतो आहे की सुटत नाही. उत्तर आले की क्लच झिजला आहे. मी विचारले की तो झिजल्याचे कोणत्या चाचणीवरून ठरवले. उत्तर आले की गाडीचे वय पाहता हेच कारण असते. मी विचारले की क्लचच्या ऑइलची टाकी उघडून पाहिली का आणि गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचे) रबरी बूट, म्हणजे टोकावरचे आवरण, मागे सारून आत ओल आहे का ते तपासले का. यावर समोरच्या माणसाने संगणकाकडे पाहिले आणि गिअरबॉक्स उतरवल्यावर सगळेच दिसेल असे सांगितले. गिअरबॉक्स उतरवल्यावर सगळे दिसते हे खरेच आहे, पण मी निदानाचे पैसे दिले होते ते तो उतरवावा लागेल की नाही हे कळावे म्हणून.

या गाडीत हा प्रश्न किती महागडा आहे, तेही सांगायला हवे. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा भाग) यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट असते, आणि गिअर बदलताना जो नेमकेपणा जाणवतो त्यात तिचा मोठा वाटा आहे. गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी प्रोपेलर शाफ्ट आणि ही चौकट सोडवावी लागते आणि परत बसवताना ती योग्य कोनात जुळवावी लागते. म्हणजे दोष बाहेर असताना गिअरबॉक्स उतरवला, तर पैसे जातातच, शिवाय नीट चालणारी एक रचना विनाकारण मोडून पुन्हा उभारावी लागते.

त्या रात्री मी सांगलीला मामांना फोन केला. त्यांची उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली आहे. गाडी कोणती, किंमत किती, हे काही न विचारता त्यांनी थेट विचारले, "अगं, इंजिन बंद असताना गिअर पडतात का?" मी म्हटले, "हो मामा, बंद असताना सगळे सहज पडतात." ते म्हणाले, "मग गिअरबॉक्सला हात लावू देऊ नकोस. क्लच सुटत नाहीये. आधी ऑइल बघ, आणि उद्या मला सांग."

गॅरेजला इतके दिवस लागूनही जे विचारावेसे वाटले नाही, ते मामांनी एका श्वासात विचारले. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तेव्हा दांडा, त्याची जोडणी आणि गिअर सामान्यतः ठीक असतात. क्लच पूर्ण न सुटल्यामुळे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून आत येणारा दांडा) फिरत राहतो आणि गिअर जुळण्यापूर्वी त्यांचा वेग सारखा करणाऱ्या सिंक्रो रिंगांना त्याच्याशी झगडावे लागते. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तर मात्र दोष जोडणीत किंवा गिअरबॉक्सच्या आत शोधावा. करकर एकाच गिअरला होत असेल आणि बाकीचे गिअर नीट पडत असतील, तर त्या गिअरचा सिंक्रो झिजल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबला आणि गिअर उतरवताना मध्ये थोडा अ‍ॅक्सिलरेटर दिला की करकर थांबते, जसे जुने ट्रकचालक करत असत.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमधून गाडी परत घेतली. निदानाचे पैसे त्यांनी घेतलेच, पण कोणत्या चाचण्या केल्या ते लेखी द्या, असा आग्रह मी धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार कोणतीही सेवा वाजवी काळजी आणि कौशल्याने देणे बंधनकारक आहे, हे मी शांतपणे सांगितले. हातात आलेल्या कागदावर "रोड टेस्ट" एवढेच लिहिलेले होते. निदानाचे पैसे देणाऱ्या प्रत्येकाने गाडी सोडण्यापूर्वीच कोणत्या चाचण्या होणार ते लिहून घ्यावे, असे मला यावरून ठामपणे वाटते. ब्रिटनमधली गाड्यांची सक्तीची वार्षिक एमओटी तपासणी पार पडली आहे म्हणजे क्लच ठीक असेल, असे काही परिचितांनी मला सांगितले होते. त्या तपासणीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती पाहिलीच जात नाही, तेव्हा त्या कागदावर या बाबतीत विसंबू नये.

घरी बॉनेट उघडून क्लचच्या ऑइलची छोटी टाकी पाहिली, तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती आणि ऑइल शाईसारखे काळे होते. सील झिजू लागले की रबराचे कण ऑइलमध्ये मिसळतात आणि ते काळे पडते. पुढचा भाग जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर ठेवला (नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये) आणि गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूच्या स्लेव्ह सिलिंडरचे बूट बोटाने मागे सारले, तेव्हा आतून ऑइलचे थेंब ओघळले. निदान तिथेच झाले. त्याला पान्याचीसुद्धा गरज लागली नव्हती.

यात मी गाडीला दोष देत नाही. क्लचच्या टाकीतही ब्रेक ऑइलच असते. ते हवेतला ओलावा शोषते, त्याने सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर गंज धरतो आणि खरबरीत झालेल्या त्या भिंतीवर रबरी सील घासून फाटतात. इतक्या वर्षांच्या गाडीत हे व्हायचेच. मी स्लेव्हबरोबर मास्टर सिलिंडरही, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा सिलिंडरही, बदलला. स्लेव्ह नवा बसवला की दाब पुन्हा पूर्ण वाढतो आणि मग जुन्या मास्टरचे थकलेले सील उत्तर देतात, असे पुष्कळदा घडते. मास्टर गळत असेल तर त्याची ओल गाडीच्या आत, पेडलच्या वर जिथे पुशरॉड (पेडलपासून मास्टरला ढकलणारी काडी) भिंतीत शिरतो तिथे दिसते. टॉर्च घेऊन वाकून पाहावे लागते. मास्टर आतल्या आत गळत असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. त्यासाठी मोकळ्या सपाट जागेत, समोर कोणी नसताना, इंजिन चालू ठेवून, पहिला गिअर टाकून क्लचचे पेडल दाबून धरावे आणि दुसरा पाय ब्रेकवर तयार ठेवावा. थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकू लागली, तर दाब धरून ठेवला जात नाही असे समजावे.

पाइपचा नट सोडवताना साधा पाना वापरला तर त्याच्या कडा गोल होतात, म्हणून फ्लेअर नटसाठीचा पानाच घ्यावा. सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते, तेव्हा लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

ऑइलच्या वाटेत शिरलेली हवा काढण्याला मात्र वेळ लागला. मैत्रीण पेडल दाबून धरी, मी खालून स्लेव्हवरचे निपल (हवा सोडण्याचे छोटे तोंड) सोडून बुडबुडे जाऊ देई, निपल बंद केल्यावरच ती पेडल वर घेई. तरीही पेडल नरमच राहिले. शेवटी स्लेव्ह सिलिंडर जागेवरून सोडवून, पाइप तसाच जोडलेला ठेवून, त्याचा पिस्टन हाताने सावकाश आत ढकलला आणि परत येऊ दिला. असे करत राहिल्यावर अडकलेली हवा वर टाकीत बुडबुड्यांच्या रूपाने निघू लागली. सिलिंडर असा सुटा असताना कोणी पेडलला पाय लावता कामा नये, नाही तर पिस्टन बाहेर उडतो. त्यानंतर पेडल भरीव झाले आणि पहिल्याच प्रयत्नात रिव्हर्स आवाज न करता पडला. दोन्ही सिलिंडर, ऑइल आणि पाना मिळून खर्च गॅरेजच्या अंदाजाच्या जवळपासही गेला नाही. मामांना मी त्याच रात्री कळवले आणि मला स्वतःचा मनापासून अभिमान वाटला.

नवा मास्टर बसवल्यावर पुशरॉडला थोडी मोकळीक ठेवणे अत्यावश्यक आहे. ती न ठेवल्यास पेडल सोडल्यावरही ऑइल टाकीत परतत नाही, दाब उरतो आणि चांगला क्लच घसरायला लागतो. म्हणजे एक आजार बरा करताना दुसरा जोडला जातो. घसरण तपासायची असेल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम चढले आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी मी गॅरेजमध्ये जाण्यापूर्वीच केली होती आणि क्लच जराही घसरला नव्हता, म्हणूनच "झिजला आहे" हे उत्तर मला पटले नाही.

आवाजाचेही सांगायचे राहिले. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणाऱ्या बेअरिंगचा) संशय घ्यावा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेले असताना येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. हे दोन्ही दोष आतले आहेत आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याला माझी हरकत नाही. सर्वांत आधी मात्र पायाखालची चटई पाहावी, कारण ती पेडलखाली गोळा झाली तरी पेडल तळापर्यंत जात नाही आणि क्लच अर्धवटच सुटतो.

थंडीच्या सकाळी माझ्या गाडीचा दुसरा गिअर पहिले काही मिनिटे अजूनही जडच पडतो. या पिढीच्या गाड्यांत हे नेहमी आढळते आणि गिअरबॉक्समधले ऑइल गरम झाले की ते जाते. तोपर्यंत दांडा न रेटता न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून दुसरा टाकावा, आणि ऑइल बदलताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ७५डब्ल्यू-९० च भरावे.