माल आला का? निसर्ग ते तौक्ते, आमच्या वाडीची लाइन

निसर्ग वादळ ३ जून २०२० च्या दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला असलेल्या आमच्या गावाला त्याचा वारा पुरता लागला. उडालेले पत्रे आणि आडव्या झालेल्या पोफळीच्या बागा यांवर खूप लिहून झालंय. मी लिहितेय ते नंतरच्या वीजजोडणीबद्दल. माझी पिठाची आणि मसाल्याची गिरणी आहे, तेव्हा मी ग्रामपंचायतीत सदस्य होते, आणि लाइट कधी येणार हे मलाच विचारायचं असं सगळ्या वाडीने ठरवून टाकलं होतं.

कोकणात लाइट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. फांदी टेकली, फ्यूज उडाला, वायरमनदादा आले, खांबावर चढले, काम झालं. या वेळी चढायला खांबच नव्हता. सिमेंटचे पोल बुंध्यापाशी मोडून आतल्या सळया बाहेर आल्या होत्या, लोखंडी पोल जमिनीपर्यंत वाकले होते आणि तारा आगरात झावळ्यांखाली गाडल्या गेल्या होत्या. डीपी, म्हणजे वाडीचा ट्रान्सफॉर्मर, दोन पोलांसकट कलंडून तिचं तेल पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, वाहून गेलं होतं.

वीज वरून खाली उतरते, हे तेव्हा नीट कळलं. मोठं सबस्टेशन, ३३ केव्हीची लाइन, मग छोटं सबस्टेशन, तिथून गावांकडे येणारी ११ केव्हीची लाइन म्हणजे फीडर, मग डीपी, तिथून कमी दाबाची एलटी लाइन आणि सगळ्यात शेवटी घरात येणारी सर्व्हिस वायर. वरचं जुळल्याशिवाय खाली कितीही आरडाओरडा करा, उपयोग शून्य. त्यात दवाखाने, नळपाणी योजना आणि मोबाइल टॉवर आधी. आमची वाडी फीडरच्या शेपटाला, म्हणजे आमचा नंबर कुठे ते मी मनाशी धरून चालले होते.

मग थांबायच्या काळात करायचं काय? वायरमनदादांच्या हाताखाली चार-पाच गावं, रस्त्यांवर झाडं आडवी, फोन बंद. त्यांनीच सुचवलं, "ताई, लाइन चालून बघायला माणसं द्या. किती मोडलेत ते कळल्याशिवाय साहेब मागणीच टाकू शकत नाहीत." वाडीतली पोरं लॉकडाऊनमुळे घरीच होती. फाट्यापासून डीपीपर्यंत आणि डीपीपासून शेवटच्या घरापर्यंत त्यांनी लाइन चालून काढली. मोडलेला सिमेंट पोल, वाकलेला पण सरळ करता येईल असा लोखंडी पोल, तार तुटलेली की नुसती पडलेली, खाली कातळ की पुळण, म्हणजे वाळू, सगळं वहीत लिहिलं. ही वही उपविभागाच्या ऑफिसात दिली तेव्हा ज्युनियर इंजिनिअर साहेबांनी खुर्ची पुढे केली. त्या टेबलासमोर भांडायला आलेले लोक रोज असायचे, यादी घेऊन येणारं बहुधा कुणी नसावं.

आता माल, म्हणजे पोल, तारा वगैरे सामान. लॉकडाऊन मार्चअखेरीस लागलेलं. पोल बनवणाऱ्या कारखान्यांतले मजूर गावी निघून गेलेले. सिमेंटचा पोल आज ओतला आणि उद्या उभा केला असं होत नाही, त्याला पाणी मारून मुरवावं लागतं. जो साठा होता तो रायगड आणि रत्नागिरी अशा दोन जिल्ह्यांत वाटला जात होता. घाटावरून पोल घेऊन निघालेला ट्रेलर तालुक्याच्या गावापर्यंत यायचा. पुढे आमच्या अरुंद वळणांवर तो वळतच नाही, म्हणून पोल ट्रॅक्टरला बांधून आणायचे. वर पावसाळा तोंडाशी.

तरी एक सांगते, काम सगळ्यात जास्त अडलं ते पोलांवाचून नव्हे. पोल नजरेत भरतो, म्हणून पुढारी, पत्रकार, आम्ही, सगळे पोलच मोजत होतो. आमच्या लाइनचे पोल उभे राहिले आणि पिन इन्सुलेटर, म्हणजे वीज खांबात उतरू न देता तार धरणारे तुकडे, नाहीत म्हणून नुसते उभे राहिले. इन्सुलेटर आले तर क्रॉस आर्म, म्हणजे पोलावरची आडवी पट्टी, बसवायचे क्लॅम्प नव्हते. कंडक्टरचा, म्हणजे तारेचा, ड्रम आला तर पोलाला तान द्यायची स्टे वायर नव्हती. त्यामुळे ऑफिसात "माल आला का?" असं विचारणं मी सोडून दिलं. "आज कशावाचून अडलंय?" असं विचारायला लागले, तेव्हा खरी उत्तरं मिळू लागली. मोडक्या पोलांवरचे क्लॅम्प आणि नटबोल्ट पोरांनी सोडवून, रॉकेलमध्ये बुडवून, गंज काढून पोत्यात भरून ठेवले होते. त्यातले बरेच परत लागले.

टीम आली ती घाटावरची. राहणार कुठे? शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी क्वारंटाइन होते. देवळाच्या सभामंडपात सोय केली, तर दोन-तीन घरांनी कुरकुर केली की बाहेरची माणसं, कोरोना आणतील. अंधारात बसून हे बोलणाऱ्यांचं मला नवल वाटलं. जेवण बचत गटाच्या बायकांनी आळीपाळीने दिलं. गिरणी बंद, त्यामुळे भाकरीचं पीठ दळायला माळ्यावरची जाती खाली उतरली होती.

त्या मुलांना सपाटीवर काम करायची सवय. पहिल्या दिवशी त्यांचा मुकादम आगरात उभा राहून मला म्हणाला, "काय ओ ताई, ही लाइन गेली कुठं?" आमच्याकडे लाइन रस्त्याने जात नाही. ती कुणाच्या माडांमधून, कुणाच्या गोठ्यावरून, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चढून पलीकडे उतरते. ट्रॅक्टर फाट्यावर थांबला की पुढे सगळं माणसांच्या खांद्यावर. पोलाखालून दोरखंड घालायचे, दोरखंडात वासे अडकवायचे, दोन्ही बाजूंनी माणसं लागायची आणि पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, चढायची. पावसाने चिरे शेवाळलेले, एकाचा पाय सरकला तर सगळे खाली. पाखाडीला मध्येच काटकोनात वळण आहे. माणूस वळतो, आठ मीटरचा पोल कसा वळणार? तिथे बराच खल झाला. मग ज्या काकांचा गडगा, म्हणजे चिऱ्यांचं कुंपण, आड येत होता ते स्वतःच पहार घेऊन आले आणि चिरे उतरवायला लागले. याच काकांशी त्या गडग्यावरून शेजाऱ्यांचा वाद कोर्टापर्यंत गेलेला आहे!

खड्डा पोलाच्या लांबीच्या सहाव्या हिश्श्याइतका तरी खोल हवा. सड्यावर जांभा इतका कडक की पहारीची टोकं बोथट व्हायची. उलट पुळणीतला खड्डा खणता खणता ढासळायचा, तिथे खडी-सिमेंट भरल्याशिवाय पोल धरत नव्हता आणि सिमेंटची दुकानं अर्धीच उघडी. काही पोल नुसते दगड ठासून उभे केले. मुकादम तेव्हाच म्हणाला होता, हे तात्पुरतं आहे.

भांडणही झालं. फाट्यावर उतरवलेले पोल आमच्या वाडीचे की खालच्या वाडीचे? रात्री पोरं राखणीला बसायची. शेवटी विहिरीवरच्या पंपाची लाइन आधी, असं सरपंचांनी ठरवलं. पंप खालच्या वाडीत, म्हणजे पोल तिकडे गेले. आमच्याकडे बरीच धुसफूस झाली, पण निर्णय बरोबर होता. तोवर टेम्पोवर जनरेटर ठेवून घरोघरी टाक्या भरून देणारे तासाचे पैसे घेत होते आणि ते सगळ्यांना परवडणारे नव्हते.

जोडणीच्या दिवशी टीमने आधी घरोघर फिरून मेन स्विच बंद करायला लावले. कुणाचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल तर वीज उलटी लाइनवर येते आणि खांबावरचा माणूस जातो. तरीही तारेला हात लावण्याआधी त्यांनी डिस्चार्ज रॉड लावून लाइन अर्थ केली, म्हणजे जमिनीला जोडली. चालू केली, तर फीडर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. पुन्हा चालू, पुन्हा ट्रिप. इन्सुलेटरला केसाएवढी चीर असली तरी खालून दिसत नाही, त्यात वादळाने उडवलेलं खारं पाणी सगळ्यांवर बसलेलं. एकेका खांबावर चढून पुसत आणि बदलत गेले तेव्हा लाइन टिकली.

घरं उजळली, गिरणी नाही. कंडक्टर कमी म्हणून एलटीवर एक फेज आणि न्यूट्रल एवढंच ओढलं होतं, माझ्या मोटरला थ्री फेज लागतो. आधी दिवे मग धंदे, हे मलाही पटत होतं, पण बँकेचा हप्ता तसा विचार करत नाही. मोटर फिरली ती गणपतीच्या तोंडावर.

पुढच्या वर्षी तौक्ते. १६ मे २०२१ ला ते आमच्या जिल्ह्याच्या समुद्रातून वर सरकलं, जमिनीवर चढलं गुजरातमध्ये, १७ मेच्या रात्री. आमच्याकडे वारा निसर्गइतका नव्हता, तरी लाइन पडली. काय पडलं? सरळ करून परत वापरलेले लोखंडी पोल आणि दगड ठासून उभे केलेले. खडी-सिमेंटमध्ये बसवलेला एकही हलला नाही. बाकीचं काम निसर्गने अर्धवट मोडून ठेवलेल्या झाडांनी केलं, त्यांचे शेंडे थेट तारांवर आले. पण या वेळी थोडा माल आधीच येऊन पडला होता, आमची वही तयार होती, रस्त्यावरची झाडं तोडायला ग्रामपंचायतीने कटर घेतला होता. लाइट बरीच लवकर आली. थ्री फेजचं राहिलेलं काम जुलैत होणार होतं, तेवढ्यात २२ जुलैला चिपळूण बुडालं आणि टीम तिकडे गेली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

जमिनीखालून केबल हा खरा उपाय, असं सगळेच म्हणतात. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबाग आणि रत्नागिरी शहरांसाठी भूमिगत वाहिन्यांचं काम घेतलं गेलं. वाड्यांचं गणित वेगळं आहे. इथे जांभ्यात चर खणायचा, तोही वीसेक जणांच्या आगरांतून, आणि त्यातले निम्मे सातबारे अजून आजोबांच्या नावावर. मला विचाराल तर उघड्या तारांऐवजी निदान एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या एकत्र पिळलेल्या तारा, टाका, फांदी पडली तरी ती लगेच तुटत नाही. तसा ठराव आम्ही ग्रामसभेत करून पाठवला आहे. आणि दर एप्रिलला तारांजवळच्या फांद्या छाटायला पोरं निघतात. तेव्हा गडगा उतरवणारे तेच काका हापूसच्या एका फांदीसाठी आडवे येतात. आंबा उतरेपर्यंत थांबा म्हणतात, आणि आम्ही थांबतो.